स्लॅबमधला चांदीचा रुपया: एमएस ग्रेडसाठी जादा पैसे कुठे मोजावेत, कुठे नाही

नाण्यांच्या प्रदर्शनात एकाच टेबलावर १९०७ चे दोन रुपये शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एक पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये, त्यावर बॉलपेनने ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न गेलेलं) लिहिलेलं. दुसरा जाड पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, वर छापील लेबल: ‘एमएस ६३’ (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, टांकसाळीतून निघालेल्या, न वापरलेल्या अवस्थेतलं). दोघांवर तोच सातवा एडवर्ड, दोघांत तेवढीच चांदी, पण दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट. हा आढावा त्या डबीचा, म्हणजे ‘स्लॅब’चा, आणि तिच्यावरच्या आकड्याचा. एनजीसी आणि पीसीजीएस या दोन अमेरिकी कंपन्यांची ग्रेडिंग सेवा भारतातल्या संग्राहकाच्या, त्यातही ब्रिटिश इंडियाचे रुपये जमवणाऱ्याच्या, किती उपयोगाची आहे, एवढाच प्रश्न.

पीसीजीएस १९८६ ची, एनजीसी १९८७ ची. दोघींचं काम एकाच धाटणीचं: नाणं अस्सल आहे की नाही ते तपासायचं, एकाहून जास्त परीक्षकांनी ते स्वतंत्रपणे पाहायचं, ग्रेड ठरवायचा आणि मग डबीच्या दोन फाका जोडून नाणं बंद करायचं. लेबलवर देश, साल, मूल्य, टांकसाळ, ग्रेड आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की नोंद दिसते, बऱ्याच नाण्यांचा फोटोही दिसतो. शुल्क डॉलरमध्ये, नाण्याची जाहीर केलेली किंमत आणि निवडलेली सेवा यांवर दर ठरतो. हाताळणी, विमा आणि परतीचं टपाल वेगळं. दोन-तीन हजारांच्या नाण्यावर हा सगळा खर्च चढवला तर डबीच नाण्यापेक्षा महाग पडू शकते. हे गणित आधी मांडा, फॉर्म नंतर भरा.

आकड्यांची ही पट्टी नाण्यांच्या बाजारातून आली, प्रयोगशाळेतून नव्हे. विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी पट्टी बनवली. कल्पना अशी की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीला जावं. भाव बदलले आणि तो हिशोब लवकरच कोलमडला, पट्टी मात्र राहिली. (पट्टी बनवणाऱ्याने अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची चांगली नाणी गुपचूप बदलून स्वतःकडे ठेवली होती, हे पुढे उघड झालं. ग्रेडवर आंधळा विश्वास ठेवू नये याला याहून चांगला दाखला सापडणार नाही.)

भारतीय खरेदीदार फसतो तो ५८ आणि ६० यांच्या सीमेवर. ५८ पर्यंतचे ग्रेड झीज मोजतात. ६० पासून ७० पर्यंत झीज नाहीच असं धरलेलं असतं. तिथे मोजायच्या त्या थैलीतल्या खुणा, झळाळी, ठशाचा उठाव आणि एकूण रूप. म्हणजे ‘एयू ५८’ (एयू: ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’, जवळजवळ न वापरलेलं) हे नाणं थोडं वापरलेलं, पण बाकी स्वच्छ आणि झळाळतं असू शकतं, तर ‘एमएस ६१’ हे एकदाही चलनात न गेलेलं, पण थैलीत हजार रुपयांबरोबर आपटून गालभर ओरखडे घेतलेलं असू शकतं. शेजारी ठेवून कोणालाही विचारा, तो ५८ उचलेल. तरी भावफलकावर ६१ वर असतो. रुपयांच्या बाबतीत आमची शिफारस स्पष्ट आहे: एमएस ६०, ६१ या ग्रेडवर पैसे घालू नका. एकतर देखणा एयू ५८ घ्या, नाहीतर थेट ६३ ला जा.

६३ म्हणजे खुणा आहेत, पण डोळ्यांत सलत नाहीत. ६४ मध्ये त्या मोजक्या, आणि मोक्याच्या जागी मोठी खूण नसते. ६५ ला झळाळी पूर्ण हवी, उठाव चांगला हवा, खुणा बारीक आणि आडबाजूला. ६६, ६७ ला जुन्या रुपयांत फारच थोडे पोहोचतात. ७० म्हणजे पाचपट भिंगाखाली एकही दोष नाही. तो शिक्का जुन्या चलनी नाण्यासाठी नाहीच, आजच्या काळात खास काळजीने पाडलेल्या नाण्यांसाठी आहे. ग्रेडपुढचं ‘+’ चिन्ह म्हणजे नाणं त्या ग्रेडच्या वरच्या टोकाला आहे, आणि एनजीसीचा तारा म्हणजे डोळ्यांना विशेष भावणारं रूप.

खूण कुठे आहे याला संख्येपेक्षा जास्त वजन असतं. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाचा गाल म्हणजे मोकळं मैदान. तिथे दुसऱ्या रुपयाच्या दातेरी कडेचा एक ठोसा बसला, म्हणजे बारीक समांतर रेघांचा तो छोटा पट्टा उमटला, की नाणं ६४ वरून ६२ वर येतं. तेवढाच ठोसा मागच्या बाजूच्या फुलापानांच्या वेलीत बसला तर भिंगाशिवाय दिसतही नाही.

लेबल वाचण्याआधी नाणं स्वतः तपासायचं असेल तर एकच दिवा हवा, खालच्या दिशेने प्रकाश टाकणारा, बाकी खोली अंधारी. छताच्या ट्यूबलाइटखाली किंवा पसरट एलईडी पॅनेलखाली बारीक ओरखडे लपतात; प्रदर्शनातली रोषणाई नेमकी तशीच असते, म्हणून छोटी टॉर्च खिशात ठेवावी. नाणं कडेला धरून हळूहळू कलवा. न वापरलेल्या रुपयावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेकडे आऱ्यांसारखे फिरतात. ठसा आदळताना धातू बाहेरच्या दिशेने वाहतो आणि पृष्ठभागावर सूक्ष्म रेषा राहतात, त्यांच्यामुळे हे घडतं. झीज सगळ्यात आधी या रेषा खाते. म्हणून उंच जागी प्रकाशाचा पट्टा तुटला आणि तिथे राखाडी, मातकट डाग दिसला, तर नाणं वापरलेलं आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. एडवर्डच्या रुपयावर गाल, मिशी आणि कानावरचे केस पाहा. पाचव्या जॉर्जवर गालाचं हाड, मिशी आणि मुकुट. व्हिक्टोरियावर गाल आणि केसांच्या बटा.

इथे एक गफलत नेहमी होते. ठसा हलका बसला तरी उंच भाग सपाट दिसतो आणि माणसं त्याला झीज समजतात. फरक झळाळीत आहे: हलक्या ठशाच्या सपाट जागेवरही ती असते, झिजलेल्या जागी नसते. दुसरी गफलत रेघांची. टांकसाळीत ठसा घासल्याच्या रेघा नाण्यावर उंचावलेल्या उमटतात आणि अक्षरांपाशी किंवा चेहऱ्यापाशी थांबतात. घरी नाणं घासल्याच्या रेघा खोल असतात आणि मैदान (चित्राभोवतीचा मोकळा भाग), अक्षर, गाल असं सगळं ओलांडून जातात. पाच ते सातपट भिंग पुरतं. दहापट भिंगाने प्रत्येक नाणं खराबच दिसतं, आणि परीक्षकही ग्रेड त्या भिंगाने ठरवत नाहीत. स्लॅबमधलं नाणं पाहताना रेघ प्लास्टिकवर आहे की चांदीवर, याचीही खात्री करा: डबी तिरपी केली की प्लास्टिकवरची रेघ नाण्यावरून सरकते, नाण्यावरची जागच्या जागी राहते.

आता महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या रुपयांकडे येऊ. कपाटातल्या डब्यात राणीछाप रुपये निघतात, चित्र ठसठशीत, तारीख कोरी करकरीत, आणि घरची मंडळी म्हणतात, ‘वापरलेलेच नाहीत.’ खरंच नसतील. पण दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात त्यांना हळदकुंकू लागलेलं असतं, कधी पंचामृताची आंघोळ झालेली असते, आणि दुसऱ्या दिवशी चिंच, राख किंवा भांड्यांची पावडर लावून ते लख्ख केलेले असतात. असा रुपया ग्रेडिंगला गेला तर आकडा मिळत नाही. एनजीसीच्या लेबलवर ‘यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड’ येतं, पीसीजीएसकडे साफसफाईचा कोड ९२. म्हणजे चित्र न वापरलेल्या नाण्याचं, पृष्ठभाग मेलेला. ओळखायला सोपं: चमक आहे पण ती फिरत नाही, मैदान पांढरं आणि अक्षरांच्या खाचांत काळा मळ तसाच. कानाच्या किंवा गळ्याच्या दागिन्यातून काढलेल्या रुपयाला वरच्या कडेला डाख किंवा घासल्याची जागा असते, तिचीही वेगळी नोंद होते. सराफाने तपासताना मारलेल्या बारीक शिक्क्याचंही तेच.

हळद, तेल किंवा पीव्हीसीचा (मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून आलेला) हिरवट चिकट थर असेल तर एकच सुरक्षित उपाय: शुद्ध ॲसिटोन, काचेच्या भांड्यात, काही मिनिटं बुडवून, मग दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये विसळून, हवेत वाळवणं. चोळायचं नाही, कापूसही नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात बाकी बरंच काही असतं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. ॲसिटोन चांदीला काही करत नाही. चांदी उजळवायचं द्रावण, म्हणजे डिप, मात्र पृष्ठभागाचा थर नेतं. एकदा बुडवलं तर नाणं पांढरं होतं, चार वेळा बुडवलं तर झळाळी कायमची जाते, आणि परीक्षकाला ते दिसतं.

या सेवेचं सगळ्यात मोठं अडचणीचं ठिकाण कंपन्यांच्या हातात नाही. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे १०० वर्षं झालेलं कोणतंही नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, शिवाय दंड. आता यादी पाहा. व्हिक्टोरियाचे १८४० पासूनचे सगळे रुपये, एडवर्डचे १९०३ ते १९१० चे सगळे, आणि पाचव्या जॉर्जचे चलनी रुपये १९२२ ला संपतात, म्हणजे तेही सगळे. ‘ग्रेडिंगला अमेरिकेत पाठवतो, परत येतंच ना’ हे कारण कायद्यासमोर टिकत नाही. उरतात ते सहाव्या जॉर्जचे १९३८ पासूनचे रुपये, पाचव्या जॉर्जच्या शेवटच्या काही वर्षांतल्या अधेल्या (अर्धा रुपया), पावल्या आणि तांब्याचे पैसे. यांच्याबाबतही कस्टममध्ये प्रश्न निघू शकतो; पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन मगच पार्सल करा. म्हणजे ज्या रुपयांना स्लॅबची खरी गरज आहे ते पाठवता येत नाहीत, आणि जे पाठवता येतात त्यांतल्या बहुतेकांना गरज नाही. सेवेचं जाहिरातपत्रक हे सांगत नाही. तेव्हा या देशातल्या संग्राहकाने जुन्या रुपयांपुरती ही सेवा ‘विकत घेताना’ पारखायची, ‘पाठवायला’ नाही.

सहाव्या जॉर्जची वेगळी कथा. १९३८-३९ चा रुपया ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून १९४५ पर्यंत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच, ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. १९४० नंतरचे रुपये अफाट संख्येने पडले आणि आजही न वापरलेले ढिगाने मिळतात. त्यांच्या एमएस ६३ साठी डबीचे पैसे मोजणं हा शुद्ध वायफळ खर्च. १९४७ चा वाघाचा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, तोही घरबसल्या तपासता येतो. एकच अपवाद, १९३९ चा रुपया. तो दुर्मीळ आहे आणि तारखेत फेरफार केलेली नाणी बाजारात आहेत. तिथे ग्रेडपेक्षा अस्सलपणाचा शिक्का महत्त्वाचा. एनजीसीच्या डबीत नाणं काट्यांवर धरलेलं असल्याने कडही बरीच दिसते, तिचा फायदा घ्या. १९४० नंतरच्या रुपयांची सुरक्षा-कड (नक्कल अवघड व्हावी म्हणून केलेली कड) तर आवर्जून पाहण्यासारखी.

मुंबई टांकसाळीच्या जुन्या ठशांवरून पाडलेल्या पुनर्मुद्रित प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारख्या पृष्ठभागाच्या) नाण्यांसाठीही स्लॅब कामाचा आहे. ही नाणी १९७० पर्यंत मागणीनुसार पाडली जात होती, आणि मूळ प्रूफ म्हणून विकायचा मोह विक्रेत्याला होतो. लेबलवर ‘रिस्ट्राइक’ असेल तर तो शब्द वाचून किंमत मोजा. प्रूफची पट्टी वेगळी: एनजीसी ‘पीएफ’, पीसीजीएस ‘पीआर’. प्रूफ ही पाडण्याची पद्धत आहे, जास्त चांगली अवस्था नव्हे. खिशात फिरलेलं प्रूफ पीएफ ५० सुद्धा असतं. विक्रेता ‘प्रूफसारखं यूएनसी’ म्हणाला तर नुसता आरसा पाहून भुलू नका; चलनी ठसा नवा आणि घासलेला असताना पहिली काही नाणी तशी निघतात, त्यांना ‘पीएल’ म्हणतात.

तांब्याच्या पावआण्यावर आकड्याबरोबर रंगाची अक्षरं येतात: ‘आरडी’ लाल, ‘आरबी’ लालसर तपकिरी, ‘बीएन’ तपकिरी. लालसाठी मोठी किंमत मागतात. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत तांब्याचा लाल रंग टिकवणं कठीण, आणि स्लॅब हवाबंद नसतो. लेबल ‘आरडी’ म्हणत राहील, नाणं तपकिरी होईल. आम्ही तरी इथे ‘आरबी’ च्या पुढे जाणार नाही.

स्लॅबच्या बाबतीत फसवणुकीचे दोन प्रकार. एक, खोटी डबी. क्रमांक खरा असतो, नाणं वेगळं. म्हणून वेबसाइटवरचा फोटो उघडून टोनिंगचा (काळानुसार चढलेल्या रंगाचा) एखादा डाग, कडेची एखादी खूण शेजारी शेजारी जुळवा; नुसतं साल आणि ग्रेड जुळले म्हणजे झालं असं नाही. दोन, उघडून पुन्हा बंद केलेली खरी डबी. जोडाच्या कडेला पांढुरक्या ताणाच्या रेषा, तडे, डिंकाची चमक दिसली की हात मागे घ्या. ‘फोटो सर्व्हरवर नाही’ हे उत्तर जुन्या स्लॅबबाबत खरं असू शकतं, पण मग किंमतही त्या अनिश्चिततेची हवी.

‘जगात या ग्रेडचे फक्त ४’ हे वाक्य विक्रेते कंपनीच्या मोजणीतून काढतात. ती मोजणी स्लॅब झालेल्या नाण्यांची आहे, अस्तित्वात असलेल्यांची नाही. उलट, लोक ६३ ची डबी फोडून ६४ मिळेल या आशेने तेच नाणं पुन्हा पाठवतात आणि जुनं लेबल परत करत नाहीत, म्हणून एकच नाणं दोनदा मोजलं जातं. ग्रेड पुन्हा पाठवल्यावर बदलतो, हीच या पूर्ण व्यवस्थेची मर्यादा: तो अनुभवी माणसांचा अंदाज आहे, माप नव्हे. ६३ आणि ६४ मधला फरक बऱ्याचदा त्या दिवसाच्या परीक्षकाचा असतो. किमतीतला फरक मात्र कायम तुमच्या खिशातला.

भारत सरकारच्या टांकसाळीच्या आजच्या नाण्यांसाठी स्लॅब नको. मोठी स्मारक नाणी (बरीच वर्षं ती ४४ मिमी व्यासाची, ३५ ग्रॅमची, १९४० च्या रुपयाच्याच मिश्रणाची पाडली गेली) टांकसाळीच्या मूळ डबीतच राहू द्या. एमएस ७० चा शिक्का असलेली अशी नाणी विकताना लेबलचे पैसे परत येत नाहीत.

घेतलेले स्लॅब पोलादी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उभे ठेवा. जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदला. लाकडी खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा रबरबँड लावून ठेवू नका. रबरातलं गंधक प्लास्टिकच्या फटींतून आत जातं आणि चांदीच्या कडेवर निळसर-काळा पट्टा चढवतं.